सुपीरिअर सरोवरावरचं स्प्लिट रॉक दीपगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटात राहायला आल्यापासून भारतातून कुणीही पाहुणे आले की मी त्यांना एकदा तरी स्प्लिट रॉकला नेते. गाडीत तीन-साडेतीन तास जातात आणि तेवढ्या वेळात प्रश्नांची नुसती सरबत्ती होते. आईने विचारलेले प्रश्न मावशीही विचारते आणि पुण्याहून आलेला भाचाही. मग ठरवलं की उत्तरं एकदा नीट लिहूनच काढू. इथे दिलेला क्रम साधारण गाडीतलाच आहे.

तळ्याला दीपगृह कशाला लागतं?

सगळ्यात आधी येणारा प्रश्न हाच. आणि तो चुकीचाही नाही, कारण तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा येतो किंवा ठाण्याची तलावपाळी.

सुपीरिअर सरोवराचं क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्यात गोव्याएवढी बावीस राज्यं मावतील. पश्चिमेकडच्या टोकापासून पूर्वेकडच्या टोकापर्यंत ५६३ किलोमीटर, रुंद तिथे २५७ किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. क्षेत्रफळाने हे जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. यात किती पाणी आहे हे धरणांच्या भाषेत सांगायचं तर सुमारे सव्वाचार लाख टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी होतं. म्हणजे चार हजार कोयना!

काठावर उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही. क्षितिज दिसतं, लाटा फुटतात, वारा सुटतो. फक्त नाकाला खारा वास येत नाही, तेवढीच चुकल्याचुकल्यासारखी जाणीव होते. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे या सरोवराला ‘गिचिगामी’ म्हणतात, मोठं पाणी. मला हे नाव ‘सुपीरिअर’पेक्षा कितीतरी खरं वाटतं.

आणि या मोठ्या पाण्यावर जहाजं चालतात. होड्या किंवा लाँच नव्हेत, सातशे-हजार फुटांची मालवाहू जहाजं. मिनेसोटातल्या मेसाबी रेंजच्या खाणींतलं लोहखनिज डुलूथ आणि टू हार्बर्सच्या धक्क्यांवर भरलं जातं आणि सुपीरिअरसह एकमेकांना जोडलेल्या पाच महासरोवरांच्या साखळीतून खालच्या पोलाद कारखान्यांकडे जातं. विसाव्या शतकातली अमेरिकेची गाड्या, पूल आणि रूळ बनवण्याची धमक बऱ्याच अंशी या पाण्यावरून वाहून गेलेल्या मातीवर उभी आहे. ज्या वाटेने इतकी जहाजं जातात त्या वाटेवर दिवा लागतोच.

हे नेमकं आहे कुठे?

मिनेसोटा राज्याच्या ईशान्येला, सुपीरिअरच्या उत्तर काठावर. डुलूथहून महामार्ग ६१ धरला की सुमारे ७५ किलोमीटर. वाटेत टू हार्बर्स हे गाव लागतं, तिथून साधारण ३० किलोमीटर पुढे. रस्ता जवळजवळ सतत पाण्याच्या कडेने जातो, त्यामुळे उजवीकडची खिडकी कुणाची यावरून मागच्या सीटवर भांडणं होतात.

‘स्प्लिट रॉक’ म्हणजे फुटलेला खडक. कुठला खडक फुटलाय?

दीपगृहाच्या पश्चिमेला काही अंतरावर स्प्लिट रॉक नावाची नदी सरोवराला मिळते, काही जण म्हणतात तिच्यावरून हे नाव. काहींचं म्हणणं, पाण्यातून बघितलं की कडा दुभंगल्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. मी दोन्ही सांगते आणि पाहुण्यांवर सोडते.

खडकाबद्दल मात्र थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. या किनाऱ्यावरचा बराचसा खडक लाव्हाचा आहे, आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट. फक्त सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीचा. दीपगृहाच्या कड्यात त्यासोबत अनॉर्थोसाइट नावाचा फिकट, कठीण खडक आहे. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्या काळ्या दगडावर हात ठेवून म्हणाले, “हा तर आपल्याकडचाच.” वयाचा फरक सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दीपगृह बांधायची वेळ का आली?

१९०५ सालच्या नोव्हेंबरमुळे.

२८ नोव्हेंबर १९०५ रोजी सुपीरिअरवर जे वादळ झालं त्याला आज ‘मटाफा वादळ’ म्हणतात. सुमारे २९ जहाजं बुडाली, फुटली किंवा किनाऱ्यावर आपटून नादुरुस्त झाली. मटाफा हे ४३० फुटी जहाज लोहखनिज भरून, मागे एक बार्ज (ओढून न्यायची मालवाहू नौका) ओढत डुलूथहून निघालं होतं. वादळ बघून कप्तानाने ते परत फिरवलं. बार्ज बंदराबाहेर नांगरावर सोडली, ती वाचली. पण मटाफा बंदराच्या तोंडाशीच धक्क्याच्या भिंतीवर आदळली, फिरली आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर रुतली. डुलूथचे हजारो लोक काठावर जमले. त्यांनी रात्रभर शेकोट्या पेटवून ठेवल्या, जहाजावरच्या माणसांना निदान कळावं की आपण इथे आहोत. लाटांमुळे बोट घालता येईना. जहाजाच्या पुढच्या भागात असलेली माणसं सकाळी वाचली. मागच्या भागातले नऊ जण थंडीने आणि पाण्याने गेले, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

त्याच वादळात आज जिथे दीपगृह आहे त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अपघात झाला. विल्यम एडनबॉर्न हे वाफेवरचं जहाज मडीरा नावाची ४३६ फुटी बार्ज ओढत होतं. दोघांमधला दोर सुटल्यावर एडनबॉर्न स्प्लिट रॉक नदीच्या मुखाशी जमिनीवर चढलं. मडीरा ईशान्येकडे गोल्ड रॉकच्या कड्यावर जाऊन आदळू लागली. तिच्यावर दहा माणसं होती. त्यातल्या फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने हातात दोर घेऊन हेलकावणाऱ्या बार्जवरून खडकावर उडी मारली. मग त्या बर्फाळ, ओल्या कड्यावर तो सरळ वर चढला, साठ फूट. वरून त्याने दोर खाली सोडला आणि त्या दोराने आठ जण वर आले. एकजण पाण्यात गेला. वाचलेल्यांना नंतर एडना जी. या टग बोटीने घेतलं. ती बोट आजही टू हार्बर्सच्या धक्क्याला उभी आहे, जाता-येता बघता येते. मडीरा अजून गोल्ड रॉकच्या पायथ्याशी पाण्याखाली पडलेली आहे आणि पाणबुडे तिथे उतरतात.

मी बेन्सनची गोष्ट प्रत्येकाला सांगते. तिथे उभं राहून कडा बघितला की साठ फूट म्हणजे काय ते कळतं.

जहाजांचं इतकं नुकसान झाल्यावर जहाजमालकांनी सरकारकडे मागणी लावून धरली आणि १९०७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दीपगृह आणि धुक्याच्या भोंग्यासाठी ७५,००० डॉलर मंजूर केले.

पण याच कड्यावर का?

कारण या पट्ट्यात खलाशाचे दोन्ही भरवशाचे सोबती दगा द्यायचे. एक होकायंत्र. या भागातल्या खडकांत लोह आहे, त्याने सुई भरकटते. दुसरी खोली मोजायची दोरी. साधारण किनाऱ्याकडे येताना तळ हळूहळू वर येतो, शिसं बांधलेली दोरी सोडली की कळतं, आता जपून. इथे तळ वर येतच नाही. कड्याच्या अगदी जवळपर्यंत पाणी खोल असतं आणि मग एकदम दगड. अंधारात, बर्फाच्या भुरभुरीत, सुई खोटं सांगतेय आणि दोरी तळाला लागत नाही अशा वेळी डोळ्यांना दिसेल असा दिवा हाच एक उपाय होता.

त्या काळी तिथे रस्ता होता का?

नव्हता. आज आपण ज्या महामार्गाने येतो तो १९२४ साली इथवर पोचला. दीपगृहाचं काम १९०९ मध्ये सुरू झालं. म्हणजे विटा, सिमेंट, पोलाद, सरपण, माणसांचं धान्य, सगळं बोटीने यायचं आणि सरळसोट कड्याखाली थांबायचं. कड्यावर वाफेवर चालणारी यारी बसवली होती. तिने एकेक ओझं सव्वाशे-दीडशे फूट वर उचलून घ्यायचं. मजूर वरच तंबू ठोकून राहिले.

आराखडा राल्फ रसेल टिंकहॅम या दीपगृह खात्यातल्या अभियंत्याचा. मनोरा, भोंग्याचं घर, तेलाची कोठी, राखणदारांची तीन सारखी घरं आणि त्यांच्या मागची कोठारं असं एक छोटं गावच त्याने उभं केलं. सगळ्याला मिळून सुमारे ७२,५४१ डॉलर लागले. म्हणजे मंजूर रकमेतून पैसे उरले! सरकारी कामाबद्दल हे वाक्य लिहिताना मला अजूनही छान वाटतं.

३१ जुलै १९१० च्या संध्याकाळी दिवा पहिल्यांदा लागला.

पुढे १९१६ च्या सुमारास यारीऐवजी कड्याच्या उतारावर रूळ टाकून ट्रॉली सुरू केली. तिचे काँक्रीटचे खांब अजून दिसतात.

मनोरा इतका बुटका कसा?

फोटो बघून आलेल्यांची इथे थोडी निराशा होते. मनोरा जेमतेम ५४ फुटांचा आहे, आठकोनी, पिवळसर विटांचा, आतून पोलादाचा सांगाडा. पण खाली सुमारे १३० फुटांचा कडा आहे, त्यामुळे दिवा पाण्यापासून १६८ फुटांवर येतो. निसर्गाने जोतं बांधून दिलं असताना उंच मनोऱ्यावर पैसे कशाला घालायचे? आपल्याकडेही आग्वादच्या टेकडीवर १८६४ साली दीपगृह बांधताना हाच विचार होता.

आतला दिवा कसा चालायचा?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ज्यांनी लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्या किंवा घरातली पेट्रोमॅक्स पाहिली आहे त्यांना अर्धं आधीच माहीत आहे. स्प्लिट रॉकचा मूळ दिवा त्याच जातीचा होता. टाकीत रॉकेल, पंपाने हवेचा दाब द्यायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ व्हायची आणि ती वाफ जाळीत जळून पांढराशुभ्र उजेड पडायचा. फिलामेंट नाही, तार नाही. बटन दाबायची सोय १९४० मध्ये आली, तेव्हा तिथे हजार वॅटचा बल्ब लागला.

आता एवढासा दिवा ३५ किलोमीटरवर दिसणार कसा? त्यासाठी भिंग. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात शोधून काढलं की जाडजूड भिंग ओतायची गरज नाही. त्याच भिंगाचे कंगोरे तेवढे ठेवायचे आणि काचेच्या कड्या एकाभोवती एक रचायच्या. दिव्याचा जो उजेड आकाशात आणि जमिनीकडे वाया जातो तोही या काचा वळवून एकाच दिशेला पाठवतात. स्प्लिट रॉकचं भिंग पॅरिसच्या बार्बिए, बेनार ए त्युरेन या कारखान्यातलं, तिसऱ्या श्रेणीचं, म्हणजे मध्यम आकाराचं. ते दोन भागांचं आहे, समोरासमोर उघडलेल्या शिंपल्यासारखं. प्रत्येक शिंपलीतून एक झोत बाहेर पडतो. भिंग २० सेकंदांत एक गिरकी घेतं, त्यामुळे समुद्रावरच्या, चुकले, सरोवरावरच्या माणसाला दर १० सेकंदांनी एक लखलखाट दिसतो. प्रत्येक दीपगृहाची अशी स्वतःची लय असते. दहा मोजले आणि चमकलं, की खलाशी ओळखायचा, हे स्प्लिट रॉक.

आता वजन. काच आणि पितळ मिळून कित्येक टनांचं हे भिंग फिरवायचं कशाने? त्या काळी ते पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेलं होतं. पाऱ्यावर लोखंडसुद्धा तरंगतं, मग घर्षण उरतंच किती. एवढं धूड नुसत्या बोटाच्या जोराने हलायचं. फिरवायला भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळात असतं तसं यंत्र: मनोऱ्याच्या मधोमध खाली सरकणारं वजन आणि दातेरी चाकं. वजन तळाला पोचायच्या आत चावी देऊन पुन्हा वर घ्यायचं. दर दोन तासांनी.

भिंग तेच आहे, १९१० चं. जवळून बघितलं तर काचेच्या कडांवर हिरवट झाक दिसते आणि एखाद्या कड्यात आपला चेहरा उलटा, शेजारच्यात सुलटा. भाचा तिथे पंधरा मिनिटं तोंडं वेडीवाकडी करत उभा होता.

दर दोन तासांनी चावी? मग झोपायचं कोण?

पाळ्या असायच्या. एक मुख्य राखणदार आणि दोन मदतनीस. सूर्यास्ताला दिवा लावायचा, सूर्योदयाला मालवायचा, मधल्या काळात कुणीतरी जागं राहायचं. दिवसा काचा पुसायच्या, पितळ घासायचं, दिव्याची जाळी बदलायची, इंजिनांना तेल घालायचं, रोजनिशी लिहायची. सरोवरावरची वाहतूक वसंतात सुरू व्हायची आणि डिसेंबरात बर्फाने बंद पडायची, तेवढा काळ हे असंच.

पहिला राखणदार ओरेन यंग, सगळे त्याला पीट म्हणायचे. १९१० पासून १९२८ पर्यंत अठरा वर्षं तो इथे होता. पहिल्याच वर्षीच्या शरदात त्याचे दोन मदतनीस टपाल आणायला छोट्या बोटीने गेले आणि बोट उलटून बुडाले. दिवा लागून तीन महिनेही झाले नव्हते. ज्यांनी इतरांना वाचवण्यासाठी दिवा सांभाळायचा त्यांनाच सरोवराने आधी नेलं. एका पत्रासाठी. तिथल्या मुख्य राखणदाराच्या घरातल्या स्वयंपाकघरात उभी असते तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. ते घर १९२० च्या दशकात होतं तसं मांडून ठेवलंय, चुलीसकट.

महामार्ग आल्यावर वेगळंच काम वाढलं, ते म्हणजे पाहुणे. १९३० च्या दशकात सुटीच्या दिवसांत इतके लोक यायला लागले की रात्री जागलेल्या राखणदारांना दिवसा जिने चढून माहिती सांगावी लागे. १९३९ मध्ये दीपगृह खातं तटरक्षक दलात विलीन झालं, तरी मुलकी राखणदार काही वर्षं राहिले. शेवटचा मुलकी राखणदार १९६१ मध्ये निवृत्त झाला.

धुक्यात दिवा दिसत नाही, मग?

मग भोंगा. मनोऱ्याशेजारची बैठी इमारत त्याचीच. सुरुवातीला २२ अश्वशक्तीच्या दोन पेट्रोल इंजिनांनी हवा दाबून भोंगा वाजवायचे, आवाज सुमारे आठ किलोमीटर जायचा. धुकं दोन दोन दिवस राहिलं तर भोंगाही तितका वेळ. राखणदारांच्या पोरांना झोप कशी लागायची देव जाणे. १९६१ मध्ये तो बंद झाला.

मग दिवा बंद का केला?

जहाजांवर रडार आलं, रेडिओने दिशा समजू लागली. कड्यावरच्या दिव्याकडे बघत जहाज हाकायची गरज उरली नाही. १९६९ मध्ये तटरक्षक दलाने दिवा कायमचा मालवला. दोन वर्षांनी जागा मिनेसोटा राज्याकडे आली आणि १९७६ पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी तिची देखभाल करते. २०११ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान मिळाला. १९९५ मध्ये पाच महासरोवरांच्या पाच दीपगृहांवर टपाल तिकिटं निघाली, त्यात सुपीरिअरचं म्हणून स्प्लिट रॉकची निवड झाली. आईने त्या तिकिटाचं चित्र असलेलं कार्ड घेतलं आणि रत्नागिरीच्या तिच्या मैत्रिणीला पाठवलं.

अनेक दीपगृहांची बंद झाल्यावर पडझड झाली, भिंगं काढून नेली गेली. स्प्लिट रॉकचं भिंग मूळ जागी राहिलं, घरं राहिली, भोंग्याचं घर राहिलं. हे नशीब नव्हे, कुणीतरी वेळेवर लक्ष घातल्याचं फळ आहे.

१० नोव्हेंबरला काय असतं?

वर्षातून ही एक संध्याकाळ निवडता आली तर हीच निवडा.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी एडमंड फिट्झजेराल्ड हे ७२९ फुटांचं जहाज विस्कॉन्सिनच्या सुपीरिअर बंदरातून लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन डेट्रॉईटकडे निघालं. साधारण २६,००० टन माल, २९ माणसं. कप्तान अर्नेस्ट मॅकसोर्ली. दुसऱ्या दिवशी वादळ वाढलं. मागून येणाऱ्या आर्थर एम. अँडरसन या जहाजाशी मॅकसोर्ली रेडिओवर बोलत होता. संध्याकाळी सातनंतर काय चाललंय असं विचारलं, तेव्हा आम्ही तग धरून आहोत अशा अर्थाचं उत्तर आलं. त्यानंतर काही मिनिटांत ते जहाज रडारवरून नाहीसं झालं. मदतीची हाकसुद्धा आली नाही. व्हाइटफिश उपसागराचा आसरा सुमारे १७ मैलांवर होता. जहाज दोन तुकडे होऊन ५३० फूट खोल पडलेलं सापडलं. २९ पैकी कुणीही परतलं नाही. ते नेमकं कशाने बुडालं यावर आजही जाणकारांचं एकमत नाही.

१९८५ मध्ये, दहाव्या वर्षी, स्प्लिट रॉकला त्यांच्या आठवणीत दिवा लावला गेला आणि ती प्रथा पडली. दुपारी साडेचारच्या सुमाराला लोक मनोऱ्यासमोर जमतात. नोव्हेंबरात इथे तेव्हाच दिवस मावळतो. २९ जणांची नावं एकेक करून वाचली जातात आणि प्रत्येक नावाला जहाजाची घंटा वाजते. एकोणतीस झाल्यावर अजून एकदा, तिसाव्यांदा, महासरोवरांवर गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी. मग दिवा लागतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाराव्या-तेराव्या नावापर्यंत बोटं बधिर झाली होती. शेजारी एक वयस्क गृहस्थ हातमोजे काढून उघड्या हातांनी टोपी छातीशी धरून उभे होते. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तिसाव्या घंटेनंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर काचेत पिवळसर काहीतरी हललं, मग तो झोत सरोवरावरून सरकत गेला, आणि हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे तो अख्खाच्या अख्खा दिसला, पांढऱ्या दांड्यासारखा. आपल्याकडे पितृपक्षात गेलेल्यांची नावं घेतो ना, घरातल्या मोठ्या माणसाला एखादं नाव आठवावं लागतं तेव्हा सगळे शांत असतात, तसं होतं ते.

स्प्लिट रॉकचा दिवा चालू असता तर फिट्झजेराल्ड वाचलं असतं का?

नाही. ते सरोवराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पूर्वेला बुडालं. इथला प्रकाश तिथवर पोचणं शक्यच नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दिवा बंद केला म्हणून जहाज गेलं अशी समजूत करून घेतलेले लोक भेटतात. इथे दिवा लागतो तो वाट दाखवायला नव्हे, नाव घ्यायला.

वर्षभर उघडं असतं का? मनोऱ्यात चढता येतं?

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मनोरा, भोंग्याचं घर आणि राखणदाराचं घर नियमित उघडं असतं, तिकीट आहे. जुन्या काळच्या राखणदाराच्या पोशाखातली माणसं माहिती सांगतात आणि कितीही प्रश्न विचारले तरी कंटाळत नाहीत. हिवाळ्यात वेळा कमी होतात, निघण्यापूर्वी तपासून घ्या. मनोऱ्याचा जिना गोल आणि अरुंद आहे, पण मनोराच बुटका असल्यामुळे आईने सत्तरीत तो चढला. दिव्याच्या खोलीत एका वेळी थोडीच माणसं मावतात. अंधार पडल्यावर, दिवा पेटलेला असताना वर जायची संधी १० नोव्हेंबरला मिळते.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ट्रॉलीशेजारच्या जिन्याने पाण्यापर्यंत उतरायचा मोह टाळावा. उतरताना छान वाटतं, पण परत यायचं असतं.

चांगला फोटो कुठून येतो?

वरून नाही. दीपगृहाच्या पश्चिमेकडे खाली गोट्यांचा किनारा आहे, तिथे जा. कॅलेंडरवर असतो तो फोटो तिथलाच: काळा कडा, टोकावर पिवळा मनोरा, खाली पाणी. जवळच लिटल टू हार्बर्स नावाच्या खाडीत नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांची वस्ती होती. संध्याकाळी तिथे बसलं की मला हर्णै आठवतं, जाळी आणि माशांचा वास सोडून.

पाण्यात उतरता येतं का? पाणी पिण्यासारखं असतं?

उतरता येतं, पण ऑगस्टमध्येसुद्धा घोट्यापर्यंत गेलं की हाडं दुखतात. कड्यांजवळ तर उतरूच नका. पाणी नितळ आहे म्हणून तसंच पिऊ नका, सोबत बाटली ठेवा. गाडीत डबाही असू द्या. शाकाहारी माणसाला या रस्त्यावर फार पर्याय नाहीत, थालीपीठ आणि लोणच्याने आमची प्रत्येक सहल तारली आहे.

नोव्हेंबरात जायचं तर कपडे काय घ्यायचे?

कानटोपी, दोन हातमोजे एकावर एक, लोकरी मोजे, वारा अडवणारा कोट. महाबळेश्वरची थंडी सोसली आहे असं सांगणाऱ्या काकांना मी आधी स्वतःचा जास्तीचा मफलर देते आणि मग गाडीतून उतरवते.

आपल्याकडची दीपगृहं बघितली असतील तर इथे नवीन काय?

खांदेरीचं दीपगृह १८६७ चं, मुंबईच्या कुलाब्याबाहेरचं प्रॉंग्ज १८७५ चं. दोन्ही स्प्लिट रॉकपेक्षा जुनी. भिंगाचं तत्त्व तेच, फ्रेनेलचंच. कोकणातल्या माणसाला दीपगृहात नवीन असं खरं तर काही नाही. पण आपल्याकडची बहुतेक अजून कामावर आहेत. स्प्लिट रॉक कामावरून उतरलेलं आहे आणि तरी त्याला झाडून, पुसून, भिंग लखलखीत ठेवून सांभाळलंय, राखणदाराच्या चहाच्या कपासकट. आपल्या दीपगृहांवर ज्यांनी रात्री काढल्या त्यांच्या रोजनिशा, त्यांची घरं, त्यांच्या बायकांनी भोगलेला एकटेपणा, हे कुणीतरी असंच जपावं असं मला इथे प्रत्येक वेळी वाटतं. कोकणात एखादं जुनं घर पाडताना असल्या वह्या निघाल्या तर रद्दीत घालू नका, एवढी विनंती.

लहान मुलं कंटाळतील का?

नाही, त्यांना काम द्या. आमच्याकडे १० नोव्हेंबरला काम ठरलेलं आहे. परत निघताना वाटेत जिथून कडा दिसतो अशा सुरक्षित जागी गाडी उभी करायची, आतले दिवे बंद करायचे आणि मुलांनी मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. गेल्या वेळी धाकटी नऊवर अडखळली, तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर उजेड आला.